स्वयंप्रतिकार रोगांची कारणमीमांसा : एका संज्ञेचा अंमल

शरीराचे रक्षण करणारी शक्ती शरीरावरच का उलटते, हा प्रश्न वैद्यकाने फार उशिरा विचारला. आणि हा उशीर पुराव्याच्या अभावामुळे झाला असे म्हणता येत नाही. इ. स. १९०० च्या सुमारास पॉल एर्लिख व युलियुस मॉर्गेनरोथ यांनी शेळ्यांना इतर शेळ्यांचे रक्त टोचले. परक्या रक्तपेशी फोडणारी प्रतिद्रव्ये त्यांच्या अंगी उत्पन्न झाली. स्वतःच्या पेशींस मात्र त्यांपासून अपाय झाला नाही. या आत्मघाताच्या भीतीस एर्लिखने ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ हे नाव दिले.

एर्लिखचे मूळ प्रतिपादन सावध होते. असा अपाय टाळणारी काही नियामक योजना शरीरात असली पाहिजे आणि ती बिघडल्यास धोका संभवतो, असा त्याचा तर्क होता. पुढील पिढीने यातील नियमन वगळले आणि अशक्यता तेवढी उचलली. १९०४ साली व्हिएन्ना येथे डोनाथ व लान्डस्टायनर यांनी थंडी लागताच मूत्र लाल होणाऱ्या रोग्यांची परीक्षा केली. रोग्याच्याच रक्तातील प्रतिद्रव्य थंडीत त्याच्या तांबड्या पेशींना चिकटते व ऊब मिळताच त्या फुटतात, हे त्यांनी दाखविले. इतका स्वच्छ पुरावा अर्धशतक केवळ अपवाद म्हणून गणला गेला!

कोंडी फुटली ती बफेलो येथे, आणि तीही एर्लिखच्याच परंपरेत. एर्लिखचा शिष्य झाक्स, त्याचा शिष्य विटेब्स्की. या विटेब्स्कीच्या प्रयोगशाळेत नोएल रोझ याने सशांना सशांच्याच अवटु ग्रंथीचा अर्क तेलमिश्रित उत्तेजकासह टोचला. प्रतिद्रव्ये तर आढळलीच, शिवाय ग्रंथीत लसीकापेशींची दाटी होऊन तिची हानी झाली. निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक व सहकाऱ्यांना हाशिमोटो रोगाच्या रुग्णांत तसेच प्रतिद्रव्य सापडले.

एर्लिखच्या त्या नियामक योजनेला शरीरातील ठिकाण मिळण्यास मात्र आणखी चार दशके लागली. साकागुची यांनी १९९५ मध्ये नियामक टी-पेशी ओळखल्या. ब्रुन्को व राम्सडेल यांनी २००१ मध्ये संबंधित जनुकाचा दोष उघड केला. तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या जनुकात गंभीर दोष असलेल्या मुलांत तान्हेपणीच अनेक अवयवांवर आघात होतो. इतर बहुसंख्य रोग्यांत असे एकच कारण सापडत नाही. एकरूप जुळ्यांपैकी एक रोगी व दुसरा निरोगी असे वारंवार घडते. म्हणजे आनुवंशिकता पुरेशी नाही. एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका सुमारे ३२ पट वाढतो, असे २०२२ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. पण तो विषाणू बहुतेक सर्व प्रौढांच्या शरीरात असतो, आणि रोग मात्र थोड्यांनाच होतो.