वर्षातून दोनदा कॉलेज, बाकी लेखन घरून: ‘लो-रेसिडेन्सी एमएफए’ म्हणजे काय?

नोकरी, घर आणि मुले सांभाळून सर्जनशील लेखनाची पदव्युत्तर पदवी घेता येते का? अमेरिकेत त्यासाठी १९७६ पासून एक वेगळी पद्धत रुजली आहे. तिला ‘लो-रेसिडेन्सी एमएफए’ म्हणतात. एमएफए म्हणजे मास्टर ऑफ फाइन आर्ट्स. विद्यार्थी साधारणपणे वर्षातून दोनदा, दर वेळी सुमारे दहा दिवस कॉलेजात राहतो. उरलेले वर्ष तो आपल्या घरी राहून एका लेखक-शिक्षकाच्या देखरेखीखाली लिहितो. ही पदवी स्वस्त नाही आणि सोपीही नाही. म्हणूनच तिच्यातून नेमके काय मिळते, हे आधी समजून घ्यायला हवे.

सुरुवात कशी झाली?

आयोवा विद्यापीठाची प्रसिद्ध लेखन कार्यशाळा १९३६ मध्ये सुरू झाली. पुढे अनेक विद्यापीठांनी तोच नमुना उचलला. विद्यार्थ्याने दोन-तीन वर्षे त्या गावात राहायचे, असा हा नमुना होता. ज्यांना नोकरी सोडणे किंवा घर हलवणे शक्य नव्हते, त्यांना हे दार बंदच होते.

व्हरमाँट राज्यातील गॉडर्ड कॉलेजने १९६३ मध्ये प्रौढांसाठी अल्पकाळ निवासाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला होता. तिथेच कवयित्री एलन ब्रायंट व्हॉइट यांनी १९७६ मध्ये ही पद्धत लेखनाच्या एमएफएला लागू केली. पुढे नोबेल मिळालेल्या कवयित्री लुईस ग्लिक आणि कथाकार रेमंड कार्व्हर यांनी तिथे शिकवले. १९८१ मध्ये हा अभ्यासक्रम नॉर्थ कॅरोलिनातील वॉरेन विल्सन कॉलेजात गेला. त्याच वर्षी व्हरमाँट कॉलेजने आणि १९९४ मध्ये बेनिंग्टन कॉलेजने असेच अभ्यासक्रम सुरू केले. आज अमेरिकेत असे अनेक अभ्यासक्रम आहेत.

दहा दिवसांत काय होते?

सकाळी कार्यशाळा, दुपारी व्याख्याने, संध्याकाळी वाचन असा भरगच्च दिवस असतो. कार्यशाळेत आठ-दहा जण एकमेकांचे लेखन आधी वाचून येतात. अनेक ठिकाणी चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसून ऐकायचे, असा रिवाज आहे. याच मुक्कामात पुढच्या सत्रासाठी मार्गदर्शक ठरतो आणि त्याच्याबरोबर बसून वाचनाची यादी तयार होते.

घरी गेल्यावर काय?

या पद्धतीचा खरा कणा हाच आहे. दर तीन-चार आठवड्यांनी विद्यार्थी मार्गदर्शकाला एक ‘पॅकेट’ पाठवतो. त्यात नवे लेखन, जुन्याचा सुधारलेला खर्डा, वाचलेल्या पुस्तकांवरची छोटी टिपणे आणि एक पत्र असते. मार्गदर्शक ओळीओळीवर खुणा करून सविस्तर उत्तर देतो. पूर्वी हे टपालाने चालायचे, आता ई-मेलने चालते. एका मार्गदर्शकाकडे मोजकेच विद्यार्थी असतात, म्हणून हे जमते. यासाठी आठवड्याला २० ते २५ तास द्यावे लागतात.

टिपणात पुस्तकाचा सारांश अपेक्षित नसतो. लेखकाने काळ कसा हाताळला, संवाद कुठे तोडला, निवेदक का बदलला, अशा एखाद्या मुद्द्याचा शोध घ्यायचा असतो. दोन वर्षांच्या शेवटी पुस्तकाच्या आकाराचे हस्तलिखित सादर करावे लागते. बहुतेक ठिकाणी त्यासोबत एक समीक्षात्मक निबंध, व्याख्यान किंवा जाहीर वाचनही असते.

बहिःस्थ शिक्षणापेक्षा वेगळे कसे?

बहिःस्थ किंवा मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात छापील साहित्य सर्वांना सारखेच मिळते आणि शेवटी परीक्षा असते. इथे बहुधा लेखी परीक्षा नसते आणि प्रत्येकाची वाचनयादी वेगळी असते. शिवाय नोकरीवरून आल्यावर, मुले झोपल्यावर लिहायची सवय विद्यार्थ्याला दोन वर्षांत लागते. पदवीनंतर त्याला याच परिस्थितीत लिहायचे असते. त्यामुळे अनेकांना ही सवय पदवीइतकीच मोलाची वाटते.

खर्च आणि जोखीम

पूर्णवेळ एमएफए देणारी काही विद्यापीठे शिकवण्याच्या कामाच्या बदल्यात फी माफ करतात आणि विद्यावेतनही देतात. लो-रेसिडेन्सीत ही सोय क्वचितच असते. बहुतेकांना फी, प्रवास आणि राहण्याचा खर्च स्वतः किंवा कर्ज काढून भागवावा लागतो. अमेरिकेत ही पदवी महाविद्यालयात लेखन शिकवण्यासाठी ग्राह्य धरली जाते. पण कायम जागा कमी असतात आणि निवडीत प्रकाशित पुस्तकांना मोठे वजन असते. केवळ नोकरीच्या आशेवर मोठे कर्ज काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

संस्था टिकेलच, याचीही खात्री नसते. हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीने आशियाई लेखनावर भर देणारा असा अभ्यासक्रम २०१० मध्ये सुरू केला, पण २०१५ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय घेतला. खुद्द गॉडर्ड कॉलेज २०२४ मध्ये बंद पडले.

भारतातून अर्ज करायचा असेल तर

- व्हिसा: अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मुख्यतः प्रत्यक्ष हजेरीच्या पूर्णवेळ शिक्षणासाठी असतो. कॉलेज व्हिसाची कागदपत्रे देते का, हे अर्जापूर्वी लेखी विचारावे.
- मान्यता: भारतात सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा पीएचडीची अट असते. या पदवीने ती पूर्ण होत नाही. पदवीला समकक्षता मिळेल का, हेही आधी तपासावे.
- भाषा: बहुतेक अभ्यासक्रमांत लेखन इंग्रजीत करावे लागते. काही ठिकाणी अनुवाद हीही शाखा असते. मराठीतून इंग्रजीत अनुवाद करणाऱ्यांनी ती पाहावी.
- मार्गदर्शक: कॉलेजच्या नावापेक्षा तिथे शिकवणाऱ्यांची पुस्तके आधी वाचावीत. दोन वर्षे आपल्या खर्ड्यांवर त्यांच्याच खुणा उमटणार असतात.