'हाइकारा' : एका उपहासशब्दाची कुळकथा

परसंस्कृतीच्या भक्तांना समाज जी टोपणनावे देतो, त्यांचा विचार आपण बहुधा कोशकारांवर सोपवतो. वास्तविक उपहास करणारा आणि उपहासाचा विषय यांच्यात अंतर तरी किती, हा प्रश्न अशा शब्दांमुळे उभा राहतो. आणि तो वाङ्मयाचाही प्रश्न आहे. मेइजीकालीन जपानमधील 'हाइकारा' हा शब्द या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सरत्या वर्षांत इशिकावा हान्झान या पत्रकाराने तो प्रचारात आणला. पश्चिमेकडून परतून उंच, ताठ कॉलर मिरवणाऱ्या मंडळींवर त्याचा रोख होता. 'हाय कॉलर'चाच हा जपानी उच्चार. म्हणजे अनुकरण करणाऱ्यांना हिणवायलाही शब्द पाश्चात्त्यांचाच घ्यावा लागला! पुढे त्याला प्रतिशब्द आला 'बानकारा'. 'बान' म्हणजे रानटी. फाटकी टोपी आणि उंच खडावा घालून राकटपणा मिरवणाऱ्या विद्यार्थ्यांचे हे बिरुद. परंतु त्यातील 'बान' मुळात चिनी आणि 'कारा' ही तीच इंग्रजी कॉलर. देशीपणाच्या या निशाणात देशी असे काही उरतच नाही.

सोसेकी नात्सुमेच्या 'बोत्चान' (१९०६) या कादंबरीत ही गुंतागुंत अधिक खोलवर जाते. तोकियोहून दूरच्या शाळेत गेलेला तरुण निवेदक तेथील उपमुख्याध्यापकाला 'लाल सदरा' म्हणतो. हा गृहस्थ साहित्याचा पदवीधर. बारा महिने तांबडा फ्लॅनेलचा सदरा घालणारा, बोलताना परकीय नावे पेरणारा. निवेदक त्याला शिव्यांची जी माळ वाहतो, तिचा पहिला मणी 'हाइकारा' हाच आहे. वाचक साहजिकच निवेदकाच्या बाजूने उभा राहतो. लेखक मात्र १९०० ते १९०२ या काळात लंडनमध्ये राहून आलेला, परतल्यावर विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवणारा. १९१४ मधील एका व्याख्यानात सोसेकीने सांगितले, की त्या शाळेत साहित्याचा पदवीधर आपण एकटेच असल्यामुळे, पात्रांची मुळे शोधायचीच तर 'लाल सदरा' आपणच ठरतो. हे विधान विनोदाने केलेले आहे, हे खरे. तरीही ते विनोद म्हणून सोडून देणे मला योग्य वाटत नाही. निवेदकाच्या तोंडची ती शिवी लेखकाने स्वतःच्या पदवीला दिलेली आहे, आणि कादंबरीतील हास्याला जी कडवट किनार आहे ती येथूनच आलेली आहे.

शब्दातील विखार पुढे ओसरला. 'हाइकारा' म्हणजे ऐटदार, नव्या रुचीचा असा अर्थ रुळला. यामातो वाकीच्या १९७५–७७ मधील चित्रकथामालिकेत तर ताइशो काळातील एक उमदी तरुणी हेच नाव कौतुकाने मिरवते.