शंकूची स्मृती : जुनी रेझोनेटर गिटार उघडताना

१/ जुन्या बाजारातून आणलेली, ऐंशी-नव्वद वर्षे वयाची धातूची गिटार. तार छेडताच सुरामागून पत्रा थरथरल्यासारखी खरखर येते. दोष शोधण्यासाठी जाळीदार झाकण उघडावे, तर आत केवळ बिघाड सापडत नाही. एका विस्मृत शोधाचा इतिहासही सापडतो. त्या इतिहासाचा आणि त्याच्या दुरुस्तीचा हा धागा. 🧵

२/ १९२० च्या दशकातील अमेरिका. नृत्यगृहांत पितळी वाद्ये आणि ड्रम यांचा दणदणाट असे. त्यात लाकडी गिटार बुडून जाई. हवाईयन संगीताची लाट जोरात होती. लॉस एंजेलिसमधील वादक जॉर्ज बीचम याला मोठ्या आवाजाची गिटार हवी होती. त्याने गाठले वाद्यकारागीर जॉन डोपिएरा याला. डोपिएरा मूळचा स्लोव्हाक स्थलांतरित.

३/ डोपिएराचे उत्तर साधे आणि विलक्षण होते. ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ पत्र्याचे तीन शंकू त्याने जर्मन सिल्व्हरच्या पोटात बसवले. तारांचे कंपन घोडीतून थेट शंकूंत उतरते आणि शंकू हवा हलवतात; लाउडस्पीकरच्या पडद्यासारखेच, पण विजेविना. १९२७ मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि ‘नॅशनल’ या नावाने हे ‘ट्रायकोन’ वाद्य बाजारात आले.

४/ भागीदारी फार टिकली नाही. डोपिएरा बाहेर पडला आणि भावांसह त्याने ‘डोब्रो’ सुरू केली. ‘डोपिएरा ब्रदर्स’चा हा संक्षेप, शिवाय स्लोव्हाक भाषेत ‘डोब्रो’ म्हणजे ‘चांगले’. इकडे नॅशनलने स्वस्त अशी एकच शंकू असलेली गिटार काढली. पुढे दोन्ही कंपन्या एकत्र आल्या, परंतु त्यांच्या भांडणाची खूण वाद्यांच्या पोटात कायम राहिली.

५/ ती खूण अशी : नॅशनलच्या एकशंकू गिटारमध्ये शंकूचे टोक वर असते आणि त्यावर ‘बिस्किट’ म्हटली जाणारी लाकडी चकती बसते. शंकूचा व्यास साडेनऊ इंच. डोब्रोचा शंकू मात्र वाडग्यासारखा उताणा, साडेदहा इंचांचा; त्यावर आठ पायांचा धातूचा ‘स्पायडर’. झाकण काढताच वाद्याचे घराणे कळते.

६/ ही गिटार हवाईयन वादकांपुरती उरली नाही. शिकागोचा टॅम्पा रेड सोन्याचा मुलामा दिलेल्या ट्रायकोनसाठी ओळखला गेला. मिसिसिपीतील सन हाउस आणि बुका व्हाइट यांच्या ब्लूजला धातूच्या नॅशनलनेच धार दिली. वीज नसलेल्या जागीही तिचा आवाज गर्दीच्या वर उठत असे.

७/ आणि तिचा अंत? तोही बीचमच्याच हातून घडला. नॅशनलसाठी धातूची अंगे बनवणाऱ्या ॲडॉल्फ रिकनबॅकरबरोबर त्याने विजेवर चालणारी गिटार तयार केली. १९३२ मध्ये ती विक्रीस आली. मोठा आवाज आता चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यातून मिळू लागला. शंकूची गरज ओसरली. त्यातच दुसरे महायुद्ध आले आणि ॲल्युमिनियम विमानांकडे वळले.

८/ तरीही जुनी वाद्ये वाचली. याचे एक कारण त्यांच्या रचनेतच आहे. नॅशनलचा शंकू सरसाने चिकटवलेला नसतो. तो पोटातील कडेवर नुसता टेकलेला असतो आणि तारांच्या दाबाने जागेवर राहतो. तारा सैल कराव्यात, झाकणाचे स्क्रू काढावेत, की शंकू हाती येतो. त्यासाठी कारखान्याची गरज नाही. घरातले टेबल पुरते.

९/ खरखर शोधण्याचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा. आधी खुंट्यांचे व झाकणाचे सैल स्क्रू. मग शंकूच्या कडेखालील धूळ. मग बिस्किट हलते का, घोडीला चीर आहे का. शंकू काढण्यापूर्वी पेन्सिलीने त्याची दिशा नोंदवावी. तो कडेने धरावा, टोकावर दाब देऊ नये. जाड तारांच्या ताणाने दबलेला शंकू आवाज मंद करतो. तो ठोकून सरळ करू पाहणाऱ्याने तो गमावलाच म्हणायचा.

१०/ खरा पेच येथे उभा राहतो. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात ‘नॅशनल रेसो-फोनिक’ स्थापन झाली आणि नवे शंकू पुन्हा मिळू लागले. नवा शंकू बसवला तर वाद्य गाते. पण मूळ शंकू फेकला तर त्या काळच्या कारागिरीचा पुरावाच नाहीसा होतो. धातूच्या अंगावरचा काळपटपणा चकचकीत घासला तर निकेलचा मुलामा आणि वादकाच्या मनगटाने पाडलेली झीज, दोन्ही जातात.

११/ म्हणून जाणकारांचा नियम साधा आहे : वाद्य वाजते करावे, पण काढलेला प्रत्येक भाग जपावा. जुना शंकू कापडात गुंडाळून, कधी आणि का बदलला याच्या चिठ्ठीसह वाद्याच्या पेटीत ठेवावा. मूक वाद्य अर्धाच इतिहास सांगते आणि पुरावा पुसून वाजणारे वाद्यही अर्धाच. त्या एका चिठ्ठीने पुढच्या पिढीला दोन्ही अर्धे मिळतात.