छायाचित्रांतून घडलेला चेहरा

मनुष्याचा चेहरा मातीत वा दगडात उतरविण्याची कला प्राचीन आहे. परंतु त्या कामी छायाचित्रे राबविण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील होय. फ्रान्स्वा विलेम या फ्रेंच शिल्पकाराने १८६० च्या सुमारास माणसाला मधोमध उभे करून भोवती २४ कॅमेरे मांडले आणि छायाचित्रांतील बाह्यरेषांवरून पुतळा घडविला. आकार साधला, त्वचेचा रंग मात्र साधला नाही. पुढे १९७४ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात एडविन कॅटमल यांनी संगणकातील आकृतीवर चित्र पांघरण्याची रीत आपल्या प्रबंधात मांडली.

संगणकीय खेळांतील पात्रांची डोकी आज याच रीतीने सजतात, आणि त्यासाठी खिशातल्या मोबाइलने काढलेली छायाचित्रेही चालतात. पथ्य एकच : माणसाला सावलीत, सौम्य उजेडात बसवावे. उन्हात नाकाची सावली गालावर पडते. ती त्वचेबरोबर आकृतीला चिकटली, की खेळातील दिवा कोठेही फिरो, ती जागची हलत नाही.

या विद्येची खरी कसोटी चेन्नईच्या तमिळ चित्रसृष्टीत दिसून आली. सौंदर्या रजनीकांत यांनी दिग्दर्शित केलेला ‘कोचडैयान’ २०१४ साली प्रदर्शित झाला. त्याचे नायक रजनीकांत, म्हणजे बंगळूरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड. त्यांच्या हालचाली यंत्रांनी टिपून संगणकीय देहात उतरविल्या होत्या. पण त्याच चित्रपटात विनोदी नट नागेश हेही पडद्यावर आले. आणि ते तर ३१ जानेवारी २००९ रोजीच निवर्तले होते.

हयात नटाला सावलीत बसविता येते, मान वळवावयास सांगता येते. त्याला नकारही देता येतो. दिवंगताची मात्र जुनी चित्रेच हाती उरतात, आणि त्यांतील प्रकाश त्या त्या दिवसाचा असतो. नागेश यांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. व्रण म्हणजे त्वचेतील बारीक खळगा. छायाचित्रात तो सावलीमुळेच दिसतो. सावली पुसावी तर व्रण जातो. ठेवावी तर ती कायमची चिकटते. अशा वेळी व्रण किती खोल होता, हे कारागिराला स्वतःच ठरवावे लागते. चेहऱ्याला नाव नटाचे लाभते. पण त्यावरील कित्येक खुणा कारागिराच्या असतात, आणि त्या पटल्या की नाही, हे सांगावयास नट उरलेला नसतो.