थोडे थोडे किरण: तोंड वाचवण्याचा इतिहास

१/ १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि लवकरच कर्करोगावर त्यांचा मारा सुरू झाला. गाठ आक्रसे, पण तोंडाचे आतले अस्तरही होरपळे. घास गिळणे दूरच, पाण्याचा घोटही असह्य होई.

२/ कारण असे: अस्तराच्या पेशी सतत झिजतात व सतत नव्याने घडतात. वेगाने विभागणाऱ्या पेशींवर किरणांचा घाव लवकर उमटतो. मग ती गाठ असो वा अस्तर.

३/ वाट सापडली पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये, तीही एडक्यांवरील प्रयोगांतून. क्लॉडियस रेगो यांना दिसले, की एडक्याला एकाच मोठ्या मात्रेने निर्बीज करू जाता कातडी जळते. मात्रा अनेक दिवसांत विभागली, की निर्बीजीकरण साधते आणि कातडी वाचते.

४/ त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हेच तत्त्व घशाच्या कर्करोगाला लावले. स्वरयंत्राचा बळावलेला कर्करोगही भीषण इजेविना बरा होऊ शकतो, हे १९२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडले गेले.

५/ १९६७ मध्ये बुडापेस्टला एंद्रे मेश्टर यांनी सौम्य लेझरखाली उंदरांचे केस लवकर वाढताना पाहिले. त्याच धाग्यातून आलेला सौम्य प्रकाशोपचार आज तोंडातील व्रण टाळण्यासाठी वापरतात.

६/ हा प्रश्न केवळ वेदनेचा नाही. व्रणांमुळे उपचार मध्येच थांबले, तर उरलेल्या गाठीला पुन्हा वाढायला अवधी मिळतो. म्हणून तोंड जपणे हा रोगाशी लढण्याचाच भाग ठरतो.