मूळस्थान, मिश्रण आणि गाळणी : कॉफीच्या गृहोपयोगाचा एक ऐतिहासिक विचार

भंडारा शहराहून निघालेला रस्ता वैनगंगा ओलांडतो तेथे पैलतीरी कारधा हे गाव आहे. पावसाळ्यात नदीची पातळी येथे मोजली जाते, त्यामुळे पुराच्या बातम्यांत या गावाचे नाव दरवर्षी येते. एरवी इतिहासग्रंथांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडेल. भाताच्या खाचरांच्या या प्रदेशात कॉफीचे झाड नाही, आणि पेय म्हणून घरोघरी चालतो तो चहाच. अशा ठिकाणी उभे राहून कॉफीच्या इतिहासाचा विचार करणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु एखाद्या पदार्थाचे 'मूळस्थान' ही कल्पना कशी घडली, कशी पुसली गेली आणि पुन्हा कशी प्रतिष्ठित झाली हे पाहावयाचे असेल, तर जेथे तो पदार्थ पिकत नाही, केवळ येतो आणि प्याला जातो, असे ठिकाणच अधिक उपयोगाचे ठरते. मळ्यात उभ्या असलेल्या माणसाला मूळस्थान सिद्ध करावे लागत नाही. ते दुरून पिणाऱ्यास सांगावे लागते.

एकाच प्रदेशातील, किंबहुना एकाच मळ्यातील दाणे घ्यावयाचे, ते ऐनवेळी दळावयाचे, शंकूसारख्या पात्रात कागदाची गाळणी बसवून त्यावर गरम पाण्याची बारीक धार धरावयाची आणि दूधसाखरेवाचून ते पेय प्यावयाचे, ही रीत आता महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांतल्या घरांतही आढळते. 'सिंगल ओरिजिन' आणि 'पोअर-ओव्हर' ही तिची प्रचलित नावे. ती आधुनिक हौस म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र असे विचारावे की, दाण्याच्या जन्मगावाची चौकशी करण्याची ही गरज केव्हा आणि का उत्पन्न झाली?

दाण्याला गावाचे नाव लावण्याची प्रथा काही नवी नाही. अरबी वनस्पती म्हणून शास्त्रात नोंदली गेलेली कॉफी मूळची इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील अरण्यांतली. तिची लागवड व पेय म्हणून प्रसार पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी मंडळींत झाला, आणि पुढे दोन शतके जगाला कॉफी पुरविण्याचे काम येमेननेच केले. हा माल मोखा बंदरातून बाहेर पडे, म्हणून तो 'मोखा' कॉफी. वस्तुतः मोख्याला कॉफी पिकत नव्हती. पीक डोंगरातले आणि त्याची मोठी पेठ बैत-अल-फकीह येथे. नाव मात्र जहाज जेथून सुटले त्या ठिकाणाचे पडले. मराठीतील 'बुंददाणा' या जुन्या शब्दात अरबी 'बुन्न' दडलेला आहे. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या वस्तूबरोबर तिचे अरबी नावही आले, पण ज्या डोंगरावर ती पिकली त्याचे नाव आले नाही. सर टॉमस रो याच्या वकिलातीतील पाद्री एडवर्ड टेरी हा १६१६ ते १६१९ या काळात हिंदुस्थानात होता. धर्माचरणात कडक असलेले अनेक लोक काळे बी पाण्यात उकळून कॉफी नावाचे पेय पितात, असे त्याने लिहून ठेवले आहे. या निरीक्षणात पेय आहे, पिणारे आहेत. दाणा कोठला हा प्रश्न नाही.

सतराव्या शतकात बाबाबुदन या सूफी संताने येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. तिची तारीख साधारणपणे १६७० मानतात. या कथेचा प्रत्येक तपशील कागदोपत्री सिद्ध करता येणार नाही. तिचे महत्त्व निराळे आहे. हिंदुस्थानातील कॉफीच्या इतिहासात बंदराऐवजी डोंगराचे नाव प्रथम या कथेतच पुढे येते. व्यापाराच्या दप्तरात मात्र पुढेही दीर्घकाळ बंदराचाच अंमल राहिला. मलबार किनाऱ्यावरून युरोपला जाणारा दाणा सागरी दमट हवेत फुगून पिवळट होई व त्याची आंबट चव जाई. प्रवास जलद झाल्यावर ही चव नाहीशी झाली, तेव्हा ती किनाऱ्यावरच्या वखारींत मोसमी वारा लावून मुद्दाम घडवावी लागली. 'मान्सून्ड मलबार' या नावाने ती आज ओळखली जाते. येथे मूळस्थानाचा अर्थ जमीन नसून वाट असा आहे.

मूळस्थान पुसण्याचे काम दोन निरनिराळ्या शक्तींनी केले. पहिली शक्ती बाजाराची. नेपोलियनने १८०६ साली पुकारलेल्या सागरी बंदीनंतर युरोपात चिकोरीच्या मुळ्यांची भुकटी कॉफीत मिसळण्याची सवय पक्की झाली, आणि बंदी उठली तरी सवय उठली नाही. मुंबईत पेस्तनजी एदलजी यांनी १८८८ साली 'पोल्सन' या नावाने धंदा सुरू केला तो कॉफी भाजून दळण्याचा, आणि त्यांची 'फ्रेंच कॉफी' ही चिकोरीमिश्रित होती. पोल्सन हे नाव पुढे लोण्यामुळे घरोघरी झाले, त्यामुळे या आरंभाचा विसर पडला आहे. मराठी मध्यमवर्गीय घरांत कॉफी शिरली ती अशाच डब्यातून. तिथे ती दुधात उकळली गेली, तिच्यात साखर, वेलदोडा आणि जायफळ पडले. चहा रोजचा आणि कॉफी पाहुण्यांची किंवा रात्री जागण्याची, अशी वाटणीही कित्येक घरांत होती. या पाककृतीला दोष देण्याचे कारण नाही. जायफळाची कॉफी हे आपल्या जागी एक पूर्ण पेय आहे. पण तीत दाणा कुर्गचा की शेवरॉयचा हे जिभेला कळण्याची सोयच नव्हती. जे कळत नाही त्याची चौकशी कोण करणार?

दुसरी शक्ती शासनाची, आणि तिचा विचार मराठीत फारसा झालेला नाही. जागतिक मंदीने किमती कोसळल्यावर १९३५ साली कॉफीवर उपकर बसविणारा कायदा झाला. देशात खप वाढविण्यासाठी नेमलेल्या समितीने १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे पहिले इंडिया कॉफी हाऊस काढले. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली, तेव्हा १९४२च्या कायद्याने कॉफी बोर्डाकडे विक्रीचे सर्व अधिकार गेले. बागाईतदाराने आपले पीक बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालावयाचे. बोर्डाने प्रतवारी करून ते विकावयाचे आणि प्रतीनुसार गुण लावून पैसे हप्त्याहप्त्याने द्यावयाचे, अशी ही व्यवस्था होती. लहान बागाईतदाराला तिने बुडू दिले नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दाणा साठ्यात पडला की त्याचा आकार आणि प्रत उरे. मळा उरत नसे. चांगल्या निगराणीचे श्रेय व्यक्तीला मिळण्याची वाटच बंद होती. अर्धशतकभर देशातल्या माणसाने प्यालेली कॉफी ही शब्दशः कोणत्याही एका गावची नव्हती. १९९२ पासून हा नियम टप्प्याटप्प्याने सैल झाला आणि १९९६ पर्यंत सर्व बागाईतदारांना आपला माल स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. पुडीवर मळ्याचे नाव छापणे आज इतके स्वाभाविक वाटते. परंतु त्यामागे रुचिपालटाइतकाच हा कायदेबदल आहे. २०१९ साली कुर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी, वायनाड आणि अरकू या पाच कॉफींना भौगोलिक निर्देशांकन मिळाले, तेव्हा डोंगराच्या नावाला कायद्याचे पाठबळ मिळाले.

नाव परत आले तरी ते ओळखू येण्यासाठी साधन हवे होते. ते साधन म्हणजे कागदाची गाळणी. तिचा जन्म १९०८ सालचा. ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळेच्या भांड्याच्या तळाला भोके पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद त्यावर ठेवला आणि गाळ नसलेली कॉफी मिळविली. त्याच वर्षी तिने हक्क नोंदवून धंदा उभा केला. योगायोग असा की, रसेल यांनी संपादिलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअरही १९०८ सालचेच. भंडाऱ्याचा मुख्य उद्योग पितळी भांड्यांचा आणि गावाचे नावही 'भाणा' म्हणजे पितळी थाळी यावरून पडले, अशी समजूत त्या काळच्या सरकारी ग्रंथांत नोंदलेली आहे. व्युत्पत्ती म्हणून ती ग्राह्य धरावी की नाही हा निराळा प्रश्न. पण पितळेच्या तळाला भोके पाडण्याचे कौशल्य ज्या गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या होते, त्या गावाला ती भोके कॉफीसाठी पाडावीशी वाटली नाहीत. दक्षिणेत मात्र पितळेचाच दुमजली फिल्टर घरोघरी गेला. तंत्र कारागिराच्या हातात असून भागत नाही, त्याला घरातली मागणी लागते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल. पुढे रसायनशास्त्रज्ञ पीटर श्लुंबोम याने १९४१ साली काचेचे केमेक्स पात्र केले, आणि जपानी कॉफीगृहांनी हाताने धार धरण्याची शिस्त जोपासली. आजचे शंकू त्याच परंपरेतले.

कागद काय करतो हे समजल्यावाचून या साधनाचे ऐतिहासिक कार्य कळत नाही. तो दाण्यातील तेलकट अंश व बारीक चूर्ण अडवितो. त्यामुळे पेय पातळ, स्वच्छ आणि आंबट-गोड छटांना मोकळे होते. साधारणतः १५ ग्रॅम दळाला २४० ग्रॅम पाणी, उकळीच्या किंचित खालचे, हे प्रमाण धरतात. प्रथम थोडे पाणी घालून अर्धा मिनिट थांबतात. भाजलेल्या दाण्यात कोंडलेला कर्बवायू तेवढ्या वेळात निघून जातो व दळ फुगून येते. मग उरलेले पाणी तीनएक मिनिटांत उतरते. दक्षिणी फिल्टरही ठिबकाचाच, पण तेथे धातूच्या भोकांतून दाट काढा उतरतो आणि तो दुधासाठी असतो. फरक पात्राचा नाही, हेतूचा आहे : एकाला दुधाशी टिकाव धरावयाचा आहे, दुसऱ्याला आपले गाव सांगावयाचे आहे.

आता कारध्याकडे परत वळता येईल. या गावावरून जाणारा महामार्ग पूर्वेस रायपूरला जातो आणि तेथून दक्षिणेची वाट बस्तर, कोरापूट व अरकूकडे उतरते. नकाशावर पाहिल्यास भंडाऱ्याला कॉफीचा शेजार आहे तो या पूर्वघाटाचा. कोरापूटमध्ये जयपूरच्या राजघराण्याने १९३०च्या सुमारास कॉफी लावली. १९५८ नंतर शासनाने ती वाढविली ती पेयासाठी नव्हे, माचकुंड जलाशयात गाळ साचू नये म्हणून. धरणाच्या चिंतेतून वाढलेले हे पीक आज आदिवासी शेतकऱ्यांच्या नावाने विकले जाते. पश्चिमेस चिखलदऱ्याची कॉफी आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकणारे ते एकमेव परिचित ठिकाण. तरी मराठी घरांत तिला मूळस्थान म्हणून लौकिक लाभला नाही. उत्पादन अल्प असले की नाव होत नाही, आणि नाव नसले की लागवड वाढत नाही. या कोंडीचा अभ्यास विदर्भातील विद्यापीठांनीच केला पाहिजे.

शिवाय एका गोष्टीकडे मूळस्थानाचे अभिमानी सहसा लक्ष देत नाहीत. पेल्यातील कॉफीत अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला १९८८ साली बसली, आणि जलाशय भरू लागल्यावर त्याचा फुगवटा भंडाऱ्यापर्यंत पोचला. नागपूरचे सांडपाणी वाहून आणणारी नाग नदी कन्हानमार्गे याच वैनगंगेस मिळते. थांबलेल्या पाण्यातून ती घाण वरच्या अंगास पसरते, ही भंडारेकरांची तक्रार वारंवार पुढे आली आहे. पुडीवर मळ्याची उंची, जात, सुकविण्याची रीत असे सर्व काही छापलेले असते. नदीकाठच्या घरात जे पाणी शुद्ध करून त्या दळावर ओतले जाते, त्याचे मूळस्थान सांगणारी चिठ्ठी कोठेच नसते.