वसंतातली लागवड : कोकणातल्या वाडीपासून मोशावाच्या शेतापर्यंत

बेने इस्राएल म्हणजे तेलाचे घाणे चालवणारे लोक, पुढे मुंबईला जाऊन कारकून, मिस्त्री आणि शिपाई झालेले. शेतीशी त्यांचा काही संबंध नव्हता, असे आपल्याविषयी नेहमी लिहिले जाते. इथे जन्मलेली आपली मुले तेच वाचतात आणि खरे मानतात. यातला घाण्याचा भाग खरा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून तर कोकणात आपल्याला 'शनवार तेली' हे नाव पडले. पण घाण्यात घालायला तीळ लागतात, खोबरे लागते, घाणा ओढायला बैल लागतो आणि बैलाला वैरण लागते. हे सर्व खेड्यात राहून, शेतीभातीच्या मध्येच होत असे. आपली आडनावे पाहा : पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, थळकर, नवगावकर. ही सारी गावांची नावे आहेत, आणि त्या गावांत भात, नारळ, वाल आणि भाजीपाला यांवरच माणसे जगत होती. आपल्यातल्या अनेक घरांची थोडीफार भातजमीन होती, कोणाची विहिरीवरची वाडी होती.

कोकणातला वसंत कसा असतो ते आज इस्रायलमध्ये वाढलेल्या मुलाला सांगावे लागेल. पाऊस जूनमध्ये येतो आणि ऑक्टोबरपर्यंत संपतो. भात कापले की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल पेरतात. अलिबागच्या बाजूला पांढरा कांदा लावतात. त्याच कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. माघ-फाल्गुनात वाल आणि कांदा निघतो. मग कांद्याच्या वेण्या घालून त्या आढ्याला टांगायच्या आणि वाल वाळवून भरून ठेवायचे. शेतात पुढच्या भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा. ज्यांच्या विहिरीला पाणी टिके ते रहाटाने पाणी काढून पाटाने वाफ्यांत सोडत, आणि वांगी, भेंडी, काकडी, कलिंगड अशी उन्हाळी लागवड करत. पडवळ आणि दुधी मांडवावर चढवत. ही कामे सारे घर मिळून करी.

या हंगामाचा माग आपल्या सणांतही दिसतो. तू बिश्वात, म्हणजे शवात महिन्याची पौर्णिमा, पौष किंवा माघ पौर्णिमेच्या सुमारास येते. त्या दिवशी अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हनाबीचा उरूस भरतो आणि मलिदा होतो. पोहे, खोबरे, गूळ आणि फळे हे मलिद्याचे सारे पदार्थ वाडीतले आणि शेतातलेच आहेत. तिशा बेआवला आपल्या लोकांनी 'बिरड्याचा सण' हे नाव दिले, कारण उपास सोडताना भात आणि मोड आलेल्या वालाचे बिरडे खात. तो दिवस ऐन पावसाळ्यात येतो. तेव्हा ताजी भाजी फारशी नसे, आणि फाल्गुनात भरून ठेवलेला वाल तेवढा घरात असे. शेतीशी संबंध नसलेल्या लोकांनी सणाला कडधान्याचे नाव दिले असते असे मला वाटत नाही.

आता इरेत्स इस्राएलकडे वळू. १९०८ साली मॅकॅलिस्टर या उत्खननकर्त्याला गेझेर येथे चुनखडीची एक लहान पाटी सापडली. गेझेर रामलेपासून जवळच आहे, म्हणजे आपली शेकडो कुटुंबे राहतात त्याच भागात. पाटी ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकातली आहे आणि सध्या इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर वर्षाचे बारा महिने शेतीच्या कामांनी मोजले आहेत : दोन महिने फळे गोळा करण्याचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवसाचा, एक सातूच्या कापणीचा, एक उरलेल्या कापणीचा, दोन द्राक्षवेलींचे आणि एक उन्हाळी फळांचा. उशिराच्या पेरणीसाठी तिथे 'लेकेश' हा शब्द आहे. शेवटच्या पावसाला हिब्रूत 'मालकोश' म्हणतात तो याच धातूपासून झाला. तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरीसुद्धा आजच्यासारखाच शेवटच्या पावसाकडे डोळे लावून वसंतातली पेरणी करत होता.

इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत भाजीच्या वाफ्याचा हिशेब दिला आहे. किलायिमच्या भागात सहा मुठी लांब आणि सहा मुठी रुंद अशा वाफ्यात पाच जातींचे बी पेरण्याची परवानगी आहे : चार बाजूंना चार आणि मध्ये एक. हा वाफा आपल्या मापाने जेमतेम दीड फुटाचा. इतक्या लहान जागेचा एवढा बारीक विचार केला जातो, तेव्हा घरच्या भाजीवर त्या काळच्या कुटुंबाचे किती अवलंबून असेल याची कल्पना येते.

आधुनिक काळात कुटुंबाच्या शेतीला इथे जो आकार मिळाला तो मोशावाचा. एलिएझर याफे यांनी १९१९ साली या कल्पनेवर पुस्तिका लिहिली आणि १९२१ साली नहलाल वसले. रिखार्ड काउफमान यांनी त्याचा आराखडा वर्तुळाकार केला : मध्ये सार्वजनिक इमारती, भोवती घरे आणि प्रत्येक घरामागे त्याची शेती. जमीन राष्ट्राची, कष्ट कुटुंबाचे, खरेदी-विक्री सर्वांची मिळून आणि मजूर लावायचे नाहीत, अशी तत्त्वे होती. १९४८ नंतर आलेल्या लाखो ओलीमसाठी शेकडो मोशाव उभे राहिले. त्या रेशनच्या दिवसांत देशाला भाजीची फार गरज होती.

कोचीनचे यहुदी बांधव याच लाटेत मोशावांत गेले. नेवातिम, मेसिलात सियोन, ताओझ आणि क्फार युवाल ही नावे आपल्याला परिचित आहेत. हत्तीरोगाच्या भीतीने आरोग्य खात्याने त्यांची अलिया काही वर्षे अडवून धरली होती. परिचारिका म्हणून एवढेच सांगते की तो रोग त्यांच्यामुळे इथे पसरला नाही. ते बहुतेक छोटे व्यापारी आणि दुकानदार. तरी नेगेवच्या कोरड्या मातीत भाजी आणि फुले पिकवायला शिकले. आपले लोक मात्र बेरशेबा, दिमोना, लोद, रामले आणि अश्दोद इथे शहरांत आले आणि कारखाने, गोद्या, इस्पितळे यांत कामाला लागले. यात सगळाच दोष धाडणाऱ्यांचा नव्हता. अलिया करताना आपल्यातले बहुतेक मुंबईकर झालेले होते आणि गिरण्या, रेल्वे, टपाल खाते यांच्या पगाराची सवय झालेली होती. शेती आजोबांकडे राहिली होती. पण आपण कधी शेतकरी नव्हतोच, असे मात्र कोणी म्हणू नये.

मी अलिबागकडे मॅट्रिकपर्यंत शिकले, इथे येऊन परिचारिका झाले आणि १९८० च्या दशकात नेगेवमधल्या मोशावांच्या दवाखान्यांत काम केले. पुरीमनंतर लागवड सुरू झाली की सकाळी दवाखाना ओस पडे. तोवर थंडी सरलेली असे, मालकोश पडून गेलेला असे आणि रोपवाटिकेतून टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या रोपांची ताटे येत. वाफ्यावरून ठिबकच्या काळ्या नळ्या टाकलेल्या असत. ही ठिबक पद्धत सिम्खा ब्लास यांनी विकसित केली, आणि १९६५ साली बेरशेबाशेजारच्या हात्सेरिम किबुत्सात तिचा कारखाना निघाला. बाप काठीने भोके पाडी, आई रोप बसवून मुठीने माती दाबी आणि शाळेतून आलेली मुले ताटे पुरवीत. लागवड शक्यतो उतरत्या उन्हात करत, म्हणजे रात्रीच्या गारव्यात रोप सावरते. भीती असे ती शरावाची. निसान-इय्यारमध्ये वाळवंटाकडून तो तापलेला वारा सुटला की कोवळी रोपे माना टाकत आणि टोमॅटोचा मोहर गळून जाई.

संध्याकाळी मग बायका येत. कंबर धरलेली, बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या, गुडघे सुजलेले. दोन दिवस विश्रांती घ्या म्हटले तर हसत. फवारणीचे दिवस मला अधिक जड जात. ऑर्गॅनोफॉस्फरस जातीची औषधे उघड्या हातांनी मिसळणारे लोक तेव्हा होते. माणूस घामाने भिजलेला, तोंडाला लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, असा आला की अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन तयार ठेवायचे, अंगावरचे कपडे उतरवून साबणाने धुवायचे आणि गाडी बोलवायची. हे कपडे घरी पोरांच्या कपड्यांत धुऊ नका, असे मी घरोघर सांगत फिरले. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या भाजीमागे किती दुखणी असतात ते मी तिथे पाहिले.

त्याच दशकात मोशावांवर संकट कोसळले. महागाई आणि व्याज यांनी कर्जे फुगली, १९८५ च्या आर्थिक योजनेनंतर अनेक सहकारी संस्था बुडाल्या, आणि अखेर १९९२ साली कर्जे निवारण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. कित्येकांनी शेत दुसऱ्याला कसायला दिले आणि शहरात नोकरी धरली. १९९० च्या दशकापासून थायलंडचे मजूर आले, आणि मजूर न लावण्याचे जुने तत्त्व कागदावर राहिले.

त्याचा परिणाम २०२३ साली दिसला. ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात पश्चिम नेगेवमधल्या शेतांवर काम करणारे थाई मजूरही मारले गेले, काहींना ओलीस नेले, आणि हजारो मजूर मायदेशी परतले. देशाची बरीच भाजी त्याच भागात पिकते. टोमॅटो वेलावर कुजू लागले. तेव्हा शहरांतून विद्यार्थी आणि निवृत्त माणसे बसने शेतावर गेली. २०२४ च्या वसंतात मीही काही दिवस गेले. माझ्या ओळीत आपल्या समाजाच्या चार बायका होत्या. एकीही शेतकरी नव्हती, पण दोघींना रोप मुळाशी कसे धरायचे ते शिकवावे लागले नाही. आजीबरोबर वाडीत लावलेले आठवते, असे त्या म्हणाल्या.

वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरी कोणी ऐंशी-नव्वदीचे असतील तर त्यांच्याजवळ बसून विचारा : गावी जमीन कुठे होती, विहिरीला पाणी कधीपर्यंत टिके, वाल कधी पेरत, कांद्याची वेणी कोण घाली. हिब्रूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहून ठेवा, आणि गावाचे नाव नीट लिहा.

आणि अंगणात हातभर जागा असेल तर वाल लावून पाहा. कोकणात तो भातानंतर थंडीच्या तोंडी पेरतात. इथली थंडी त्याला सोसत नाही, म्हणून पेसाखच्या सुमारास पेरावा. वेल उन्हाळाभर नुसता वाढतो आणि दिवस लहान होऊ लागल्यावर, सुक्कोतच्या आगेमागे, शेंगा धरतो. पाणी बेताने द्या आणि चढायला मांडव घाला.